रोज सकाळी एक जानेवारी

मी कॉम्प्युटर बोलतोय. मारेगाव तालुक्यातल्या एका गावात, एका घराच्या पुढच्या खोलीत, लाकडी टेबलावर बसलेला. गावाचं नाव सांगत नाही. मान वर करून सांगावं असं काही केलं असतं तर सांगितलं असतं.

माझं शिक्षण कमी. कापसाचं वजन लिहायचं आणि पावती छापायची, एवढंच मला सुरुवातीला शिकवलं होतं. पण तेवढं मी चोख केलं. माझ्या पावतीत कधी खोट निघाली नाही. माणूस असो की मशीन, आपलं काम चोख असलं की त्याला कोणासमोर वाकावं लागत नाही, असं मी मानत आलो. म्हणून पुढची गोष्ट सांगणं मला जड जातं.

यवतमाळच्या एका दुकानात माझी जुळणी झाली. तिथून मला थेट एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात नेलं आणि काट्याच्या खोलीत बसवलं. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, आत मी. हंगामात हवेत रुईचे तंतू इतके उडायचे की माझ्या पंख्याला पांढरी दाढी यायची. कोणीतरी फुंकर मारायचं, मी पुन्हा कामाला लागायचो.

तिथेच मी उकंडाला पाहिलं. विजेचा मेनबोर्ड त्याच्या ताब्यात होता. सकाळी खटका टाकायचा, संध्याकाळी पाडायचा. दिवसभर त्याला कोणी विचारत नसे. पण संध्याकाळी त्यानं दारातून आवाज दिला, "खटका पाडून राह्यलो!" की मॅनेजरसुद्धा चष्मा खिशात घालून उठायचा. उकंडा परवानगी मागत नसे. तो सांगत असे.

त्याला कारण होतं. एका वर्षी कोणीतरी गोदामातला पंखा चालू ठेवून घरी गेलं. पंख्याची ठिणगी रुईवर पडली. रुईची आग भडकत नाही, आत आत सरकते. वरून गंजी पांढरीच दिसते. कळलं तेव्हा अर्धं गोदाम गेलं होतं, आणि आत धावलेल्या लालसिंग हमालाचे दोन्ही हात भाजले होते. लालसिंग म्हणजे उकंडाच्या ताटात जेवणारा माणूस. पुढे कित्येक दिवस उकंडानं त्याला आपल्या हातानं भरवलं.

तेव्हापासून उकंडाचा नियम झाला. माणूस उठला की खटका पडला पाहिजे. मला तो नियम तेव्हा पटला, आजही पटतो. हे आधीच सांगून ठेवतो.

आता माझ्या आतलं एक सांगितलं पाहिजे. माझ्या बोर्डावर एक सेल बसवलेला असतो. चपटा, चकचकीत, कोटाच्या बटणाएवढा. वीज गेली तरी तो जागा राहतो. आज तारीख कोणती, आणि सकाळी उठल्यावर आधी कोणाला हाक मारायची, एवढ्या दोन गोष्टी तो सांभाळतो. जिनिंगमध्ये उकंडा रोज खटका पाडायचा आणि मी रोज बरोबर तारखेला उठायचो. कारण सेल जिवंत होता.

पुढे जिनिंग विकली गेली. नव्या मालकानं नवी मशीनं आणली. उकंडाचंही वय झालं होतं. मॅनेजर म्हणाला, "उकंडा, काय नेतं ते ने." त्यानं मला नेलं. बसमध्ये मांडीवर घेऊन बसला. कंडक्टरनं विचारलं, "हे काय हाय, बुवा?" तर म्हणाला, "माह्या सोबतचा हाय."

एवढं चांगलं माझ्याबद्दल आजवर कोणी बोललं नाही.

त्याचा मुलगा धम्मरत्न माझ्यावर शिकला. शिकला कमी, खेळला जास्त. मग पुण्याला एका कंपनीत लागला. लग्न झालं. सून आली प्रियंका, वणीकडची. धम्मरत्न नोकरीपायी पुण्यात राहिला, ती गावी उकंडाजवळ. तिनं कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. घरात आल्यावर तिनं भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडले, मग माझ्याकडे वळली. माझ्यावर टाकलेलं उशीचं कव्हर काढलं आणि म्हणाली, "मामाजी, हे चालू हाय का?" सासऱ्याला मामाजी म्हणायची आमच्याकडे रीत आहे.

"चालू नसायले काय झालं?" उकंडा म्हणाला.

तिनं मला पुढच्या खोलीत आणलं. प्रिंटर घेतला. दारावर पाटी लागली. झेरॉक्स, फोटो, पीकविमा, शाळा-कॉलेजचे प्रवेश. लोक येऊ लागले. मला नवीन कामं शिकावी लागली. या वयात शिकणं सोपं नसतं, पण शिकलो.

खटक्याचा नियम घरातही तोच. पुढच्या खोलीचा मेन वेगळा. संध्याकाळी प्रियंका मला बंद करून स्वयंपाकघरात गेली की उकंडा यायचा आणि खटका पाडायचा. सकाळी दार उघडलं की टाकायचा. दाराला कडी लावावी तसं ते होतं. कडी लावल्याची बातमी कोणी कोणाला देत नाही. जिनिंगमध्ये तो आवाज द्यायचा. घरात कोणाला देणार? म्हणून मुकाट्यानं पाडायचा. शेजारी यूपीएस होता, पण त्याची बॅटरी केव्हाच गेली होती. त्याच्यावर आता पाण्याचा गडू ठेवत.

याच काळात कधीतरी माझा सेल मेला. आवाज न करता मेला. मला कळलं ते एका सकाळी. खटका पडला, टाकला, मी उठलो, आणि माझ्यासाठी तो दिवस होता एक जानेवारी दोन हजार अकरा.

दुसऱ्या दिवशीही तेच. रोज सकाळी एक जानेवारी. ऑनलाइनचं कोणतंही दार ठोठावलं की आतून सांगत, तुमची तारीख चुकीची आहे. प्रियंकानं एकदा कपाळाला आठी घातली, तारीख बदलली आणि कामाला लागली. मग ते रोजचं झालं. अंगणात सडा टाकावा तसं ती आधी माझी तारीख नीट करायची आणि मग लोकांना आत घ्यायची. कोणाला सांगायचं तिच्या मनातही आलं नाही. कॉम्प्युटर म्हातारा आहे, विसरतो, असं धरून चालली.

खरी अडचण सुरू होण्याची होती. माझी हार्डडिस्क जुनी झाली होती. आतली तबकडी घरघरत फिरायची. बटण दाबल्यापासून मी कामाला येईपर्यंत माणूस चहा पिऊन, पान खाऊन यायचा. आणि आमच्या कामाची वेळ तर सकाळचीच. तेव्हा सर्व्हर मोकळा असतो आणि लोकांनाही वावरात जायच्या आधी काम उरकायचं असतं. मी उठेपर्यंत सर्व्हर जाम व्हायचा. लोक उठून मारेगावला जाऊ लागले.

एका दुपारी धम्मरत्नचा फोन आला. स्पीकर चालू होता.

"चालत नसंल तर कायले जीव काढतं? धम्मचक्र दिनाले मी येतो, तवा सोबतच चाल पुण्याले."

"अन् मामाजी?"

"बाबा राह्यतीन गावात. ते काय येतात?"

उकंडा दारातच बसला होता. त्यानं ऐकलं. यूपीएसवरचा गडू उचलला, एक घोट घेतला आणि बाहेर गेला. गडू हातातच राहिला होता. पाण्याचा गडू घेऊन तो रस्त्यावर कुठवर गेला कोण जाणे.

प्रियंकानं हट्ट सोडला नाही. मारेगावहून नयनला बोलावलं. नयन मशीन दुरुस्त करणारा, तरणा, बोलका. तो म्हणाला, "वहिनी, एसएसडी टाका, नव्या जातीची डिस्क. आवाज नाही, फिरणं नाही. बटण दाबलं का चालू." आणि टाकली. हार्डडिस्कमध्ये होतं ते सगळं तसंच्या तसं एसएसडीत उतरवलं. जुनी हार्डडिस्क काढली नाही. कामाचे कागद, घरचे फोटो तिच्याकडेच ठेवायचे असं ठरलं. ती पहिल्या जागेवर होती तिथेच राहिली. एसएसडी दुसऱ्या जागेवर बसली. मग नयननं माझ्या सेटिंगमध्ये लिहून ठेवलं, उठल्यावर आधी दुसऱ्या जागेवरच्या नवीला हाक मार.

बटण दाबलं. मी उठलो. असा उठलो की मीच दचकलो. दारातली चार माणसं पुढे सरकली. उकंडासुद्धा उठून आला. प्रियंकानं सगळ्यांना चहा दिला. "बुढा जवान झाला," कोणीतरी म्हणालं. माझा पंखा त्या दिवशी उगाच जोरात फिरत होता.

संध्याकाळी खटका पडला. सेल मेलेला. नयननं लिहून ठेवलेलं सगळं पुसलं गेलं.

सकाळी मी उठलो. एक जानेवारी. आधी कोणाला हाक मारायची, आठवेना. आठवत नसलं की मी जन्माची सवय धरतो, पहिल्या जागेवर हाक मारतो. पहिल्या जागेवर ती म्हातारी हार्डडिस्क. तिला वाटलं, काम आपल्यालाच सांगितलं. बिचारी घरघरत उठली. आणि नवी शेजारी हात बांधून बसून राहिली. तिला कोणी हाक मारलीच नव्हती.

मला सगळं कळत होतं. माझ्या छातीत काय मेलं आहे आणि का, हे मला माहीत होतं. पण मशीनला विचारल्याशिवाय बोलता येत नाही, आणि कोणी विचारत नव्हतं.

दुपारी नयन आला. सेटिंग पाहिली. "हे हललं, वहिनी. करून देतो." केलं. मी लखकन उठलो. तो गेला. पुन्हा संध्याकाळ, पुन्हा खटका, पुन्हा सकाळ, पुन्हा एक जानेवारी. नयन आला की दुपार असायची, आणि तोवर प्रियंकानं माझी तारीख बदलून ठेवलेली असायची. तिच्या नीटनेटकेपणामुळेच खूण पुसली जात होती.

तिसऱ्या खेपेला नयन वैतागला. "वहिनी, सेटिंग आपोआप हलत नसते. तुम्ही काही दाबता का सकाळी?"

"मी कायले दाबू?"

"कोणी तरी दाबते. पाहा बा. मले दुसरी बी कामं हायेत."

उकंडा खुर्चीवरून म्हणाला, "हात लावू नको म्हणते तो पोरगा, तर काहून लावतं?"

"मी लावत नाही, मामाजी."

"मंग काय भूत लावते?"

खोलीत लोक होते. प्रिंटरमध्ये कागद होते, तरी प्रियंकानं पुन्हा कागद भरले.

शाम म्हणून एक गावातला, येता-जाता टोमणा मारल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. तो म्हणाला, "वहिनी, बैलाले नवी झूल टाकली म्हून बैल नवा होते काय?" लोक हसले. मी माझा पडदा काळा करून घेतला असता. तेवढंही माझ्या हातात नव्हतं.

मग दीपाचा दिवस आला.

दीपा गल्लीतलीच मुलगी. नर्सिंगला तिचा नंबर लागला होता. जागा पक्की करायचा तो शेवटचा दिवस होता, आणि सकाळीच करायचं होतं. ती उजाडायच्या आत येऊन बसली. केस विंचरलेले, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत सगळे कागद. उकंडानं दार उघडलं, खटका टाकला. प्रियंकानं बटण दाबलं.

म्हातारी घरघरू लागली. पडद्यावर तो गोल गोल फिरणारा ठिपक्यांचा फेर आला. तो फिरत राहिला. दीपा पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. शेवटी मी उठलो, प्रियंकानं तारीख बदलली, साइट उघडली. सर्व्हर भरला होता. पान अर्ध्यावर थांबलं. पुन्हा केलं. पुन्हा थांबलं.

दीपा रडली नाही. उभी राहिली. "वहिनी, मी मारेगावले जातो," एवढंच म्हणाली. बाहेर शाम गाडीवर बसलेलाच होता. त्याच्या मागे बसून ती गेली. तिथं तिचं काम झालं, हे दुपारी कळलं. झालं म्हणून बरं वाटलं. पण आमच्याकडून झालं नाही. पिशवीतला एक फोटो टेबलावर पडून राहिला होता. पासपोर्ट साइझचा. दिवसभर तो माझ्याकडे पाहत होता.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कोणी आलं नाही. प्रियंकानं नयनला फोन लावला.

"उद्या सकाळी या. मी बटणाले हात लावत नाही. तुमच्या हातानं चालू करा."

पलीकडून तो काही बोलला.

"हो, सकाळीच. अन् लोकांसमोर. मी सगळ्याले निरोप देतो. मी दाबतो का भूत दाबते, पाहू द्या सगळ्याले."

शब्द पक्के होते. उकंडानं तिच्याकडे पाहिलं.

सकाळी दारात माणसं जमली. शाम पुढे होता. नयन हेल्मेट काढत आत आला. प्रियंका भिंतीला टेकून उभी, हात मागे बांधलेले. नयननं बटण दाबलं. मी मुका.

"वहिनी, हा तर मेलाच!"

"घाई काहून करतं?" उकंडा कोपऱ्यातून म्हणाला. "खटका तर टाकू दे."

"कोणता खटका?"

"मेनचा."

"रात्री पाडता तुम्ही?"

"रोज," उकंडा म्हणाला. मान ताठ. जिनिंगच्या दारात उभा राहायचा तसा.

उकंडानं खटका टाकल्यावर नयननं बटण दाबलं आणि मला पुढे जाऊ न देता आधी सेटिंग उघडली. पडद्याच्या कोपऱ्यात माझी लाज लिहिलेली होती. एक जानेवारी दोन हजार अकरा. नयननं कपाळावर हात मारला.

"वहिनी, तारीख रोज अशीच राह्यते?"

"हो. मी बदलून घेतो रोज."

"सांगतलं काहून नाही मले?"

"तुम्ही इचारलं काहून नाही?"

लोक हसले. हसणं नयनवर होतं. त्याला ते झोंबलं. तो वळून मोठ्यानं म्हणाला, "पाहा, आतला सेल मेला हाय. करंट चालू असता तर माही सेटिंग टिकली असती. पण मी दिवसा लावून जातो, अन् बुवा संध्याकाळी पाडून टाकतात! मशीन तरी काय करन?"

आता हसणं उकंडावर वळलं. शाम म्हणाला, "उकंडाबुवा, जिनिंग बंद झाली, पण तुमची ड्युटी काही सुटली नाही!"

उकंडाला काही सांगायचं होतं. गोदाम, रुई, लालसिंगचे हात. पण हसणाऱ्यांना ते सांगता येत नाही. त्यानं चपला घातल्या. डावी उजव्या पायात गेली, ती बदलली. आणि निघून गेला.

प्रियंका हसली नव्हती. हसायचा हक्क त्या खोलीत फक्त तिचा होता. ती म्हणाली, "मामाजीची चूक नाही. सेल मशीनचा मेला." मग शामकडे वळली. "झेरॉक्स काढायची असंल तर थांबा. नाही तर वाट मोकळी करा."

ती बरोबर बोलली. खोट माझ्यात होती. ज्याची लाज मी धरायची, ती आधी तिनं धरली, मग त्यानं. आणि मी दोघांच्या मधोमध टेबलावर बसून होतो.

नयननं सेटिंग करून दिली. सेल जवळ नव्हता, पुढच्या खेपेला आणतो म्हणाला. "तवर खटका पाडू नका म्हणा बुवाले." प्रियंकानं मान हलवली. म्हणणार कसं, ते तिलाच ठाऊक.

तिला म्हणावं लागलं नाही. त्या संध्याकाळी खटका पडला नाही. प्रियंकानं मला बंद केलं तरी उकंडा खोलीतच बसून राहिला. माझ्या माउसखाली लाल दिवा जळत होता, त्याच्याकडे पाहत.

"मामाजी, जेवता ना?"

"ते चालू हाय."

"बंद हाय, मामाजी. तो दिवा नुसताच राह्यते."

"गोदामातला पंखा बी नुसताच होता," उकंडा म्हणाला.

प्रियंका उभी राहिली. आगीची गोष्ट तिनं ऐकली होती, घरात सगळ्यांनी ऐकली होती. पण त्या गोष्टीचं एक टोक आपल्या टेबलाखाली येऊन बांधलेलं आहे, हे तिला आत्ता दिसलं. ती आत गेली आणि त्याचं ताट तिथेच घेऊन आली. तो जेवला. लाल दिव्यावरची नजर हलली नाही.

दुसऱ्या दिवशी मी लखकन उठलो, बरोबर तारखेला. नयनचं म्हणणं खरं ठरलं. पण उकंडाचे डोळे सुजले होते. तो पहिल्या बसनं मारेगावला गेला. दुपारी परत आला. शर्टाच्या खिशातून कागदी पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"हाच ना?"

सेल होता. नवा.

प्रियंकानं नयनला फोन लावून स्पीकरवर ठेवला. नयन सांगू लागला, "आधी करंट पूर्ण बंद करा."

"मामाजी," प्रियंका म्हणाली, "खटका पाडा."

उकंडा मेनपाशी गेला. आयुष्यात त्याला कोणी खटका पाडायला सांगितलं नव्हतं. तो सांगायचा आणि लोक उठायचे. हात खटक्यावर ठेवून त्यानं मागं पाहिलं.

"पाडू?"

"पाडा."

मग त्यानं माझे स्क्रू काढले. प्रियंकानं नखानं जुना सेल उचकटला. दोघांचे हात एकाच वेळी माझ्या छातीत होते. उकंडानं मेलेला सेल तळहातावर घेतला.

"एवढ्यासाठी?"

"एवढ्याच्यासाठी, मामाजी."

"पोरी," तो म्हणाला. आणि नवा सेल तिच्या हातात दिला. तिनं पुढच्या शब्दाची वाट पाहिली नाही. बसवायचं काम बाकी होतं.

नयननं फोनवरून आणखी एक सांगितलं. दोघींच्या वायरी अदलाबदल करा, म्हणजे कधी विसरला तरी आधी नवीलाच हाक जाईल. तसं केलं. म्हातारी हार्डडिस्क आता दुसऱ्या जागेवर असते. सकाळची घाई तिच्यामागे नाही. पण घरचे फोटो पाहायचे असले की तिलाच उठवावं लागतं. तेव्हा ती घरघरते, आणि कोणी तिला काही म्हणत नाही.

खटका आजही पडतो. नयनचं म्हणणं होतं, आता पाडा की नका पाडू, मशीनला फरक पडत नाही. उकंडा म्हणाला, "मले पडते." पण एक बदल झाला. कधी कधी बंद होता होता मला नवीन शिकवण, म्हणजे अपडेट, उतरवायची असते. पडद्यावर लिहून येतं, बंद करू नका. उकंडाला ते वाचता येत नाही. म्हणून आता तो मेनपाशी उभा राहून आत हाक मारतो, "पाडू का?"

जिनिंगच्या मॅनेजरला ज्यानं कधी विचारलं नाही, तो माणूस.

परवा दीपा आली. वसतिगृहाचं काम होतं. सकाळी आली, खुर्ची ओढून बसेपर्यंत मी तयार.

"वहिनी, चालूच होता का?"

"नाही. आत्ताच लावला."

"अरे बापा!" दीपा म्हणाली. प्रियंकानं खणातून तिचा राहिलेला फोटो काढून दिला. तेवढ्यात पुण्याहून फोन आला. प्रियंका म्हणाली, "लोकं उभे हायेत, मंग बोलतो," आणि ठेवून दिला. दारात उकंडा गडू घेऊन बसला होता. तो पाणी प्यायला आणि त्यानं गडू यूपीएसवर जागच्या जागी ठेवला.

धम्मचक्र दिन जवळ आला आहे. धम्मरत्न येईल. येऊ दे. सकाळी दारातली रांग तोच पाहील. मी काही बोलणार नाही.

तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल, आणि नवं बसवूनही सकाळी उठायला वेळ लावत असेल, तर आधी कोणा माणसावर बोट ठेवू नका. त्याला विचारा, आज तारीख कोणती. चुकीची सांगितली तर समजा, आत काहीतरी लहानसं मेलं आहे. ते बदला. आम्हाला विचारल्याशिवाय बोलता येत नाही. लाज मात्र येते.

संध्याकाळ झाली. प्रियंकानं मला मिटवलं. स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येतोय. मेनपाशी चपला वाजल्या.

"पाडू का?"

"पाडा, मामाजी."

उद्या मी उद्याच्याच तारखेला उठेन.